कंपनीच्या टेपला मोबाईल जोडताना

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, आताचा ५२. किल्ल्याची टेकडी, तांब्या-पितळेची भांडी आणि दोंडाईच्याकडे फुटणारा फाटा ही गावाची ओळख. या फाट्यावर घटकाभर उभे राहिले तरी खान्देशातली सगळी वाहने पाहून होतात. कापूस भरलेली पिकअप, मिरचीची पोती लादलेला छोटा हत्ती, वऱ्हाडाची जीप, ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, इंदूरकडे निघालेले ट्रक. यात नवी कोरी वाहने थोडी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली जास्त. इंजिनाचे काम निघते, टायर बदलतात, रंगही मारला जातो. डॅशबोर्डात कंपनीने बसवून दिलेला टेप मात्र पहिल्या मालकापासून तोच असतो.

त्या टेपला कॅसेटची खाच असते, नाहीतर सीडीची. आणि मालकाची सगळी गाणी असतात खिशातल्या मोबाईलमध्ये. अहिराणी गाणी, कीर्तने, कानबाईची गाणी, शिवाय बोंडअळीवरचे एखादे व्याख्यान. बाजाराला जाता-येता ऐकावे अशा पुष्कळ गोष्टी आता मोबाईलवरच मिळतात. मग गॅरेजसमोर गाडी लावून ठरलेला प्रश्न विचारला जातो : भाऊ, मोबाईल हाई टेपले लागी का?

उत्तरेही ठरलेली. एक, हा टेप काढून टाका, नवा बसवा. दोन, थांबा, मागून वायर कापून जोडून देतो. पहिल्यात पैसा जातो. दुसऱ्यात कधीकधी गाडी जाते. खरे पाहता, दहापैकी बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या वायरीला हातही न लावता काम होते. ते कसे, आणि वायरीला हात लावावाच लागला तर काय पाहायचे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी टेपचे तोंड पाहा

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या टेपला काय काय आहे ते नीट पाहून घ्यावे. कॅसेटची खाच आहे का? एफएम लागतो का, की नुसते मीडियम वेव्ह? पुढच्या बाजूला हेडफोनच्या पिनेएवढे भोक आणि त्याशेजारी ‘ऑक्स’ असे लिहिलेले आहे का? पेनड्राइव्हची जागा आहे का? काही गाड्यांत ही भोके टेपवर नसतात, गिअरच्या पुढे किंवा हातमोज्याच्या कप्प्यात असतात, आणि मालकाला पाच वर्षे पत्ता नसतो. गाडीसोबतचे पुस्तक असेल तर ते एकदा चाळावे. पुस्तक हरवले असेल, जे बहुधा असतेच, तर टेपवरचा मॉडेल नंबर टिपून न्यावा. नुसते ‘माझी जुनी जीप आहे’ एवढ्यावर दुकानदाराला काही सांगता येत नाही.

कॅसेटच्या खाचेतून

कॅसेट हे फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेले साधन. पुढे ऐंशीच्या दशकात आपल्याकडे स्वस्त कॅसेटी निघाल्या आणि खेड्यापाड्यांत, जीपगाड्यांत, चहाच्या टपऱ्यांवर टेप पोचला. आज कॅसेट विकत घ्यायला कोणी जात नाही. पण खाच शाबूत असेल, आत चाके फिरत असतील, तर मोबाईल जोडण्याचा हा एक चांगला मार्ग आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी टेप बदलण्याची घाई करू नये.

यासाठी कॅसेट अडॅप्टर मिळतो. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही. एका कोपऱ्यातून वायर निघते आणि तिच्या टोकाला हेडफोनसारखी पिन असते. कॅसेट वाजते तेव्हा फितीवरच्या चुंबकीय खुणा टेपच्या हेडसमोरून सरकतात आणि हेड त्यांचा आवाज करते. अडॅप्टरमध्ये फितीच्या जागी एक छोटे हेड बसवलेले असते. मोबाईलमधून आलेला विजेचा संकेत ते चुंबकीय रूपात टेपच्या हेडला देते. टेपला वाटते कॅसेटच चालू आहे. एवढ्या साध्या युक्तीवर हे साधन चालते, आणि एफएमपेक्षा बहुधा स्वच्छ ऐकू येते.

खोटे कुठे पडते, तर हेडवरच्या धुळीत. आपल्याकडे उन्हाळ्यात फुफाटा किती उडतो ते सांगायला नको. वर्षानुवर्षे कॅसेट न घातलेल्या टेपच्या हेडवर धुळीचा आणि जुन्या फितीच्या भुकटीचा थर असतो. आवाज दबका, एका बाजूने येणारा वाटला की अडॅप्टरला दोष देऊ नये. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये किंचित भिजवून हेड आणि त्याशेजारचे रबरी चाक पुसावे, वाळू द्यावे. दुसरी अडचण आपोआप बाजू बदलणाऱ्या टेपची. आतली चाके अडकली असे वाटले की तो कॅसेट बाहेर फेकतो किंवा सारखी बाजू बदलत बसतो. अशा टेपसाठी आत दातेरी चाके असलेलाच अडॅप्टर घ्यावा आणि शक्य तर दुकानासमोरच गाडीत लावून पाहावा.

मोबाईलचा आवाज तीन चतुर्थांशापर्यंत वर ठेवून बाकीचा कमीजास्तपणा टेपच्या बटणाने करावा. मोबाईल अगदी हळू आणि टेप पूर्ण वर ठेवला तर गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते.

एफएमची वाट

खाच मोडलेली आहे पण एफएम लागतो, अशा टेपला एफएम ट्रान्समीटर चालतो. तो सिगारेट लायटरच्या जागी खोचायचा, मोबाईलशी ब्लूटूथने किंवा वायरने जोडायचा. तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक अगदी छोटे, गाडीपुरते आकाशवाणी केंद्र सुरू करतो. टेपवर तोच आकडा लावला की गाणे ऐकू येते. जोडणी काहीच नाही, वायर कापणे नाही, गाडी विकताना काढून घेता येते.

पट्ट्यातली मोकळी जागा मात्र शोधावी लागते. आधी ट्रान्समीटर न लावता टेप फिरवून पाहावा. जिथे कोणतेच केंद्र नाही, नुसता सूं आवाज आहे, तो आकडा घ्यावा. धुळ्यात मोकळा असलेला आकडा इंदूरजवळ मोकळा असेलच असे नाही. मधेच दुसऱ्याच केंद्राची बडबड सुरू झाली की आकडा बदलायचा, पण गाडी उभी करून. आकाशवाणी जळगावचे कार्यक्रम ज्यांनी वर्षानुवर्षे मीडियम वेव्हवर ऐकले त्यांच्या जुन्या टेपला कधीकधी तेवढेच असते. अशा टेपला ट्रान्समीटरचा काही उपयोग नाही. हे न विचारता घेतलेले बरेच ट्रान्समीटर घरात पडून असतात.

पिन, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ

ऑक्सचे भोक असेल तर प्रश्नच मिटला. दोन्हीकडे पिन असलेली वायर आणावी, टेपवर ‘ऑक्स’ निवडावे, झाले. नव्या मोबाईलला गोल पिनेचे भोक नसते. त्याला टाइप-सी अडॅप्टर लागतो, आणि काही मोबाईलना आत चिप असलेलाच अडॅप्टर चालतो. म्हणून मोबाईल सोबत नेऊन दुकानातच वाजवून पाहावे.

ऑक्सची एक तक्रार नेहमीची. मोबाईल चार्जिंगला लावला की स्पीकरमधून कुंई असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. ही टेपची नादुरुस्ती नव्हे. चार्जर आणि ऑक्स या दोन वाटांनी अर्थिंगचे वर्तुळ तयार होते आणि त्यातून अल्टरनेटरचा आवाज टेपमध्ये शिरतो. चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर निदान बरोबर. मग ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत घालावी. तेवढ्यासाठी टेप उघडू देऊ नये.

पेनड्राइव्हची जागा असलेल्या टेपला लोक केबलने मोबाईल जोडतात आणि नुसता चार्ज होतो म्हणून वैतागतात. जुना टेप पेनड्राइव्ह ओळखतो. आजकालचे मोबाईल संगणकाशी वेगळ्या भाषेत बोलतात आणि ती या टेपला येत नाही. त्यापेक्षा गाणी पेनड्राइव्हवर भरून घ्यावीत. पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा आणि गाणी एमपी-३ असावीत. बत्तीस जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह घेऊन काही साधत नाही, पुष्कळ टेप तो वाचतच नाहीत.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. काही कंपनी टेपचे ब्लूटूथ फक्त फोनवर बोलण्यापुरते असते, गाणी त्यातून येत नाहीत. तो बिघाड नाही, त्याला तेवढेच येते. ऑक्स असेल तर त्यात खोचायचा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, त्यावर काम भागते.

तांब्याच्या तारेचा फ्यूज

आता मुख्य गोष्ट. वरचे काहीच जमत नाही आणि टेप बदलायचा किंवा मागून जोडणी करायची, असे ठरले तर पुढचे नीट वाचावे.

टेपच्या मागे वायरींचा झुपका असतो. बाजारात मिळणाऱ्या टेपच्या जोडणीत बहुधा पिवळी वायर बॅटरीची, सतत चालू. लाल वायर किल्लीची, चावी फिरवली तरच चालू. काळी अर्थिंगची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या जोड्या स्पीकरच्या. पण गाडीच्या कंपनीच्या वायरींचे रंग वेगळे असू शकतात, काहींत पिवळी-लाल उलटही असते. म्हणून रंगावर विसंबू नये, मीटर लावून पाहणाराच कारागीर धरावा.

‘चावी न लावता गाणी वाजली पाहिजेत’ अशी मागणी लग्नसराईत फार असते. मग पिवळी आणि लाल दोन्ही वायरी एकत्र करून सतत चालू असलेल्या वायरीला बांधल्या जातात. टेप बंद केला असे वाटते, पण तो पूर्ण बंद होत नाही. थोडा थोडा करंट ओढतच राहतो. आठ दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. आणि मांडवात उभी करून वाजवायची झाली तर हिशेब करून पाहावा. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि ५ अँपिअर ओढणारा टेप-अँप्लिफायर धरला तर कागदावर सात तास. पण इंजिन चालू करायला स्टार्टरला एकदम मोठा करंट लागतो. अर्धी बॅटरी संपली की सेल्फ नुसता टकटक करू लागतो, आणि वऱ्हाडाला गाडी ढकलावी लागते.

बॅटरी उतरली तर ती भरता येते. आग लागली तर भरून येत नाही. कंपनीची वायर जागेवर कापून, सोलून, पीळ देऊन काळी टेप गुंडाळली की जोड झाला, असे बरेच जण समजतात. उन्हात डॅशबोर्ड तापतो, टेपचा गोंद सुटतो, रस्त्याच्या हादऱ्यांनी पीळ सैल होतो आणि उघडी तार पत्र्याला टेकते. इथे फ्यूज उडायला हवा. तो उडतोही. मग दोन-तीनदा उडाला की वैतागून त्या जागी तांब्याची तार किंवा बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद घातला जातो. ‘आता उडत नाही’ म्हणून मालकही खूश.

सोनगीरच्या भांडी घडवणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. कल्हईचे कथील २३२ अंश सेल्सिअसला पातळ होते. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. गाडीच्या फ्यूजमधली पट्टी बहुतेक जस्ताची, ४२० अंशांच्या आसपास वितळणारी, आणि ती मुद्दाम इतकी बारीक केलेली असते की ठरलेल्या करंटपेक्षा जास्त गेला की तुटावी. तिच्या जागी जाड तांब्याची तार घातली तर तार शाबूत राहते आणि त्याच्या कितीतरी आधी वायरीवरचे प्लास्टिक वितळून धूर निघतो. मागच्या हौद्यात सुटा कापूस किंवा कोरडा कडबा असेल तर पुढचे सांगायला नको. जिनिंगला निघालेल्या एका गाडीत कितीतरी दिवसांची वेचणी असते आणि गाडीवर बहुधा कर्जही असते.

फ्यूजची जागाही महत्त्वाची. तो टेपजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा. फ्यूज आपल्या पुढच्या वायरीला सांभाळतो, मागच्या नाही. बॅटरीपासून नवी वायर आणली आणि फ्यूज डॅशबोर्डाखाली बसवला तर मधली चार-पाच फूट वायर उघड्यावरच राहिली. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी बूच घालावे, नाहीतर पत्र्याची धार वायर खाते.

कंपनीची वायर न कापताही टेप बदलता येतो. बहुतेक गाड्यांसाठी कपलर मिळतो. एका बाजूने तो गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसतो, दुसऱ्या बाजूने नव्या टेपला. किंमत फारशी नसते. गाडी वॉरंटीत असेल तर हाच मार्ग धरावा, कारण कापलेली वायर दिसली की कंपनी हात वर करू शकते. विम्याचा दावा करायची वेळ आली तर तपासणीला येणारा माणूसही तीच वायर आधी पाहतो. आणखी एक, काम सुरू करताना बॅटरीचे उणे टोक काढतात. काही कंपनी टेप बॅटरी निघाली की सांकेतिक आकडा मागतात. तो गाडीच्या कागदपत्रांत कुठे आहे ते आधी शोधून ठेवावे.

ट्रकवाल्यांसाठी

महामार्गावरचे गाव म्हणून हे वेगळे लिहावे लागते. जीप, पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर यांची वीज १२ व्होल्टची. मोठ्या ट्रकची आणि बसची २४ व्होल्टची. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे बहुधा चोवीस समजावे. घरच्या पिकअपमधला चार्जर किंवा ट्रान्समीटर उचलून ट्रकमध्ये खोचला तर तो त्याच क्षणी जळू शकतो. ‘१२-२४ व्होल्ट’ असे छापलेलेच साधन ट्रकमध्ये लावावे. टेप १२ व्होल्टचा असेल तर मधे कन्व्हर्टर हवा. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची युक्ती काही जण करतात. त्यात एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त भरते, आणि वर्षभरात दोन्ही बदलायची पाळी येते.

ट्रॅक्टरवर टेप लावणाऱ्यांना एवढेच सांगणे की इंजिनाच्या आवाजावर चढवून गाणे लावले तर मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, ट्रॉलीवरचा माणूस ओरडला तरी कळत नाही. कानात बोळे घालून ट्रॅक्टर चालवणे तर त्याहून वाईट. मोबाईल हातात धरून गाणे बदलणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात धरले जाते. पहिल्या वेळीच एक ते पाच हजार दंड किंवा कैद होऊ शकते. मोबाईल स्टँडवर ठेवावा, गाण्यांची यादी निघण्यापूर्वी लावावी.

घंटागाडीची दवंडी

ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवरही हाच प्रश्न येतो. ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पासून हे पदनाम, पण लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) पाणीपट्टीची सूचना मोबाईलवर बोलून ठेवतात, ती पेनड्राइव्हवर घालतात, आणि गाडीवरचा प्लेअर ती वाजवत नाही. कारण असे की मोबाईल आवाज बहुधा एम-४-ए किंवा एएमआर पद्धतीने साठवतो आणि प्लेअरला एमपी-३ च कळते. महा ई-सेवा केंद्रातल्या संगणकावर दोन मिनिटांत रूपांतर करून मिळते. फाईलचे नाव इंग्रजी अक्षरांत, छोटे ठेवावे. काही प्लेअर मराठी नाव वाचत नाहीत. भोंगा अँप्लिफायरला लावतात, टेपच्या स्पीकर वायरीला नाही. टेपची ताकद तेवढी नसते. आणि ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठेवायचा आहे, पहाटेच्या पाण्याच्या सूचनेलाही तो लागू होतो.

शेवटी जुना टेप काढलाच तर तो भंगारात टाकण्यापूर्वी घरातल्या कॅसेटी एकदा पाहाव्यात. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, एखाद्या लग्नातली अहिराणी गाणी कित्येक घरांत फक्त कॅसेटवर आहेत. घरचा चालू टेपरेकॉर्डर असेल तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये वायर घालून ती भरून घेता येतात. एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो. फीत चिकटली असेल तर आधी पेन्सिलीने हळूहळू पुढे-मागे फिरवून घ्यावी.